दिवाळीत नातेवाइकांकडे गाडीने जाताना: पुणे, कराड, कोल्हापूर, मालवण, रत्नागिरी, चिपळूण

चार वर्षांपूर्वी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कराडला नणंदेकडे दुपारी दोन वाजेपर्यंत जेवत होतो. त्याच वेळी कोल्हापुरात माझी मावशी ताटं मांडून आमची वाट बघत बसली होती. दोघींनाही मी फोनवर "जेवायला येतोच" म्हणून सांगितलं होतं. रस्त्यात उशीर झाला, आम्ही पावणेचारला पोचलो. मावशी तोवर जेवली नव्हती. तिला मधुमेह आहे. ती काही बोलली नाही, पुरणपोळीवर तूप वाढलं आणि आम्हाला दोन घास कसेबसे गेले. ते ताट मला अजून आठवतं.

तेव्हापासून आमच्या घरी या प्रवासाचं नियोजन किलोमीटरवर होत नाही, ताटांवर होतं. आपण रस्त्यात असतो तेव्हा प्रत्येक मुक्कामावर कुणीतरी आपल्यासाठी भात लावायचा थांबलेलं असतं, ही गोष्ट धरून चाललं की बाकीचं बरंचसं आपोआप बसतं. खाली जे लिहिलं आहे ते आमच्या दिवाळीच्या फेरीवरून लिहिलं आहे: आम्ही दोघं, सासूबाई, बारा वर्षांचा मुलगा, आठ वर्षांची मुलगी आणि पाच सीटची गाडी. आठ दिवस, पाच गावं, सगळं मिळून साधारण नऊशे किलोमीटर. तुमची गावं वेगळी असतील, पण रीत हीच उपयोगी पडेल.

आधी वही: मुक्काम, जेवण, चहा

महिनाभर आधी एक पान घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात मुक्कामाची घरं, दुसऱ्यात जेवणाची, तिसऱ्यात नुसत्या चहाची. प्रत्येक नाव एकाच रकान्यात जायला हवं. "बघू, जमलं तर जेवू" असा चौथा रकाना ठेवू नका. मावशीच्या बाबतीत चूक झाली ती तिथेच.

एका दिवसात एक जेवण बाहेरच्या घरी आणि एक मुक्काम. त्याच घरी मुक्काम असेल तर रात्रीचं जेवण तिथलंच. चहाची घरं दिवसाला दोन, फार तर तीन. चहाचं घर म्हणजे दहा मिनिटं, असं समजू नका. दिवाळीत चहाबरोबर फराळाची ताटली येतेच, आणि चकली खाल्ली, चिवडा राहिला, तर तो का राहिला हे विचारलं जातं. पाऊण तास धरा.

नावं लिहिताना क्रम वयाचा लावा, अंतराचा नाही. ऐंशीच्या पुढची माणसं आधी पक्की करायची आणि रस्ता त्यांच्याभोवती फिरवायचा. आपल्या वयाचे भाऊ, मित्र पुण्यालाही भेटतात, फोनवरही बोलतात. आजोळच्या घरातली आजी फोनवर फक्त "बरंय" म्हणते.

आणि एक घर या यादीत विसरू नका. ज्यांच्याकडे या वर्षात कुणी गेलं आहे, त्यांच्याकडे सण नसतो, कढई चढत नाही. अशा घरी आपण फराळ घेऊन जायचा ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तिथे सकाळीच जा, मुलांना आधी समजावून सांगा, आणि बसा. चहाच्या रकान्यात नाव लिहिलं तरी वेळ मात्र दीड तासाचा ठेवा.

फोन कसा करायचा

फोन दोन वेळा. पहिला तीन आठवडे आधी, दुसरा निघायच्या दोन दिवस आधी.

पहिल्या फोनमध्ये "आम्ही अमुक तारखेला येतोय" असं सांगू नका. "तुमची सोय कधी आहे?" विचारा. भाऊबिजेला त्यांच्या घरची मुलगीही माहेरी आलेली असते, एखाद्याची सहामाही परीक्षा लांबलेली असते, कुणाच्या घरी रंगकाम काढलेलं असतं. किती माणसं, किती रात्री, हे आकड्यात सांगा. सासूबाईंना जिना चढवत नाही, खाली झोपायची सोय लागते, हेही तेव्हाच सांगा. ऐन वेळी कळलं तर यजमान स्वतःची खोली रिकामी करतात आणि हॉलमध्ये झोपतात.

जेवणाचं बोलणं नीट करा. "काही करत बसू नकोस" म्हटलं की हमखास पाच पदार्थ होतात. त्यापेक्षा पदार्थाचं नाव घेऊन मागा: "वहिनी, मला तुमच्या हातचं पिठलं आणि भाकरीच खायची आहे." आठवडाभर फराळ करून थकलेल्या बाईला याने खरी सुटका मिळते, आणि मागितल्याचा आनंदही होतो. दिवाळी चातुर्मासात येते हेही लक्षात ठेवा. कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण न खाणारी माणसं आपल्याबरोबर असतील, किंवा मांसाहार न करणारं घर असेल, तर ते आधी स्पष्ट झालेलं बरं. आमच्या सासूबाई चातुर्मास पाळतात आणि मालवणच्या आतेसासूबाईंकडे बांगड्याशिवाय जेवण होत नाही. फोनवर एकदा ठरलं, तेव्हापासून सासूबाईंसाठी वेगळ्या भांड्यात डाळीची आमटी आणि लाल भोपळ्याची भाजी असते, आणि कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही.

वेळ सांगताना घड्याळाचा आकडा देऊ नका, दिवसाचा प्रहर द्या: "संध्याकाळच्या चहाला", "दिवेलागणीच्या आत". पण जेवणाला मात्र ठाम वेळ, आणि त्यावर एक वाक्य जोडा: "एक वाजून गेला तर तुम्ही जेवून घ्या, आम्ही मागून जेवू." हे वाक्य आता मी प्रत्येक घरी म्हणते. मावशीकडे दोनदा म्हणते.

गाडी

निघायच्या आठवडाभर आधी गाडी मेकॅनिकला दाखवा, आदल्या दिवशी नको. आदल्या दिवशी ब्रेक पॅड संपलेले निघाले तर दिवाळीच्या सुट्टीत ते मिळायचे नाहीत. ब्रेक, कूलंट, वायपर, दोन्ही हेडलाइट बघून घ्या. टायरची हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा. किती हवी ते चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं, आणि पाच माणसं व सामान असेल तर भरल्या गाडीचा आकडा धरायचा. स्टेपनीची हवाही मोजा. बहुतेक लोक ती विसरतात आणि घाटात आठवण होते.

परवाना, आरसी, विमा, पीयूसी डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमध्ये असले तरी चालतात. मात्र फोन बंद पडला तर काय, म्हणून आम्ही एक झेरॉक्सचा संच गाडीत ठेवतो. फास्टॅगमध्ये शिल्लक आधीच भरा. पुण्याहून कोल्हापूरपर्यंत खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात. वर्षातून तीन-चार फेऱ्या होत असतील तर १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला वार्षिक पास बघा: सुरू झाला तेव्हा, २०२५ मध्ये, तो ३००० रुपयांना होता; एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. तो खासगी गाड्यांनाच मिळतो आणि केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग व द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याचा, तिथे चालत नाही.

माणसं पाचच बसवा. वाटेत एखादा पुतण्या "मी पण येतो" म्हणतो आणि मुलगी मांडीवर जाते, हे आपल्याकडे सर्रास होतं. जोराचा ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल धरून ठेवणं कुणाच्याही हातात राहत नाही. मागच्या सीटवरही पट्टा कायद्याने बंधनकारक आहे. पुतण्याला एसटीत बसवून द्या, मुक्कामावर भेटेल.

पेट्रोलचा हिशोब सोपा आहे. नऊशे किलोमीटर, लिटरला पंधरा धरले तर साठ लिटर. लिटरला १०५ रुपयांच्या आसपास भाव धरला तर सहा हजार तीनशे. सीएनजीची गाडी असेल तर खर्च कमी, पण डिकी टाकीने अर्धी व्यापलेली, आणि या फेरीत डिकीच महत्त्वाची. का ते पुढे येतं.

सामान: घरागणिक पिशवी

मोठी सुटकेस नको. रोज नवीन घरी मोठी सुटकेस उघडायची म्हणजे रोज सगळं घर त्यांच्या हॉलमध्ये मांडायचं. प्रत्येक मुक्कामाची एक कापडी पिशवी भरा: पाचजणांचे एका दिवसाचे कपडे, टॉवेल आपले स्वतःचे. शेवटच्या गावची पिशवी डिकीत तळाला, पहिल्या गावची वर. वापरलेले कपडे त्याच पिशवीत परत. सासूबाईंची औषधं, चष्मा, काठी हे डिकीत नाही, त्यांच्या पायाशी.

आता भेटवस्तू. दिवाळीत मिठाईचा डबा नेऊ नका. त्या घरात आधीच चार डबे आहेत. आम्ही गेली काही वर्षं एकच नियम पाळतो: घाटावरचं कोकणात, कोकणातलं घाटावर. साताऱ्यात कंदी पेढे घ्यायचे ते कराडला आणि कोल्हापूरला. कोल्हापुरात दिवाळीच्या सुमारास गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. तिथून नव्या गुळाचे एक-एक किलोचे रवे, म्हणजे ढेपा, आणि कांदा-लसूण मसाला कोकणातल्या सगळ्या घरांना. मालवण-रत्नागिरीहून आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), कुळथाचं पीठ, काजू, फणसपोळी, मालवणी खाजा, हे चिपळूणला थोडं आणि बाकीचं पुण्यात शेजारी. माझ्या आतेसासूबाई गुळाचा रवा हातात घेऊन आधी वास घेतात. तो चेहरा कुठल्याही महागड्या डब्याने येत नाही. आगळाची बाटली मात्र झाकणाला प्लास्टिक बांधून, एका बादलीत उभी ठेवा. तिचे डाग कशाने जात नाहीत.

दुसरी भेट फुकटात पडते आणि सगळ्यांत जास्त टिकते. मागच्या वर्षी काढलेल्या फोटोंपैकी प्रत्येक घरचे दोन-तीन फोटो छापून न्या. कागदावरचा फोटो आता कुणाकडे येत नाही, म्हातारी माणसं तो देवघराशेजारी लावतात.

ओटीची तयारीही हवी. प्रत्येक घरून निघताना सासूबाईंची आणि माझी ओटी भरली जाते, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत सात-आठ नारळ, तांदळाच्या पुड्या आणि खण जमतात. त्यासाठी एक रिकामी पिशवी ठेवा. आपल्यालाही कुणाची ओटी भरावी लागते, म्हणून खण आणि सुट्या नोटा घरूनच न्या. भाऊबिजेची ओवाळणी आणि मुलांच्या खाऊचे पैसे नावं लिहून पाकिटात घालून ठेवले की ऐन वेळी नवऱ्याला बाजूला बोलावून "किती घालू?" विचारावं लागत नाही.

दिवस पहिला आणि दुसरा: पुणे, कराड, कोल्हापूर

भाऊबिजेच्या सकाळी साडेपाचला निघा. साडेपाच म्हणजे गाडी सुरू होण्याची वेळ, आंघोळीला पाणी तापवायची नाही. सात वाजेपर्यंत खंबाटकी घाट मागे पडला पाहिजे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना आम्हाला घाट चढावा लागायचा, येताना बोगदा मिळायचा. त्या चढावर एक ट्रक बंद पडला की सुट्टीच्या दिवशी दोन तास तिथेच. साताऱ्यापर्यंत ११० किलोमीटर, तिथे नाश्ता आणि पेढे. साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत सहापदरीकरणाची कामं गेली काही वर्षं चालू आहेत, सेवा रस्त्यावर वळवलेली वाहतूक धरून वेळ मोजा. नकाशा जो वेळ दाखवतो त्यात पाऊण तास मिळवा.

कराडला अकराच्या आत पोचलं की ओवाळणी निवांत होते. पाटावर बसायचं, सुपारी, सोनं ओवाळायचं, मग जेवण. संध्याकाळी मुलांना प्रीतिसंगमावर न्या. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन मिळतात, असं दृश्य सहसा दिसत नाही, आणि यशवंतराव चव्हाणांची समाधीही तिथेच आहे. नणंदेच्या घरातली गर्दी तासभर बाहेर गेली की तिलाही पाठ टेकायला मिळते. हे मुद्दाम सांगते, कारण पाहुण्यांनी थोडा वेळ घराबाहेर जाणं ही यजमानीणबाईला दिलेली सगळ्यांत मोठी मदत असते.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं. कराड ते कोल्हापूर ७५ किलोमीटर, दीड-दोन तास. हा टप्पा दिवसाउजेडीच करा. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो तेव्हा उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत या रस्त्यावर असतात आणि त्यातल्या कित्येकांना मागे दिवा नसतो. अंधारात मागून ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक मारायला जागा उरलेली नसते. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणून संपूर्ण प्रवासाचा आमचा नियम: साडेपाचच्या पुढे गाडी रस्त्यावर नको, आणि एका दिवसात चालवणं चार-साडेचार तासांच्या वर नको.

दिवस तिसरा: कुठेही न जाणं

माझं माहेर कोल्हापूरचं, म्हणून तिथे दोन रात्री. पण माहेर नसतं तरी तिसऱ्या दिवशी मी गाडी हलवली नसती. दोन दिवस सलग प्रवास आणि माणसं झाल्यावर मुलं चिडचिडी होतात, म्हातारी माणसं गप्प होतात. सकाळी लवकर अंबाबाईचं दर्शन, मग दिवसभर घरी. दुपारी मावशीकडे जेवण, एक वाजता.

हाच दिवस बोलण्याचा. नातेवाइकांकडे जाऊन टीव्ही आणि मोबाइल बघत बसणं हल्ली फार होतं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. यावर आमचा उपाय असा: मुलाकडे एक मोठा कागद दिला आहे, त्यावर आमची वंशावळ आहे. प्रत्येक घरी तो पसरायचा आणि रिकाम्या चौकटी विचारून भरायच्या. "पणजोबांचं मूळ गाव कुठलं?" एवढं विचारलं की मावशी दीड तास बोलते. फोनचा रेकॉर्डर सुरू ठेवायचा, तिला विचारूनच. या निमित्ताने कळलं की माझी आजी मुलीच्या जातीने शाळेत जाते म्हणून गावात बोलणी खाऊन चौथीपर्यंत शिकली होती. मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, माझ्या मुलीला आठव्या वर्षी.

मुलांना सगळ्यांच्या पाया पडायला सांगा, पण गालगुच्चे आणि मांडीवर ओढणं त्यांना नको असेल तर त्यांच्या बाजूने बोला. "ती जरा लाजते, थोड्या वेळाने येईल" एवढं पुरतं.

दिवस चौथा आणि पाचवा: घाट उतरून मालवण

कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर. गगनबावड्यातून दोन घाट फुटतात, करूळ आणि भुईबावडा. करूळ उतरून वैभववाडी, तळेरे, तिथे मुंबई-गोवा महामार्ग, मग कणकवली, कसाल आणि उजवीकडे मालवण. सगळं मिळून दीडशे किलोमीटर, पण चार तास. करूळ घाट काँक्रिटीकरणासाठी २०२४ मध्ये कित्येक महिने बंद होता आणि पावसाळ्यात दरडींनी अधूनमधून बंद होत असतो. म्हणून आदल्या संध्याकाळी वैभववाडीच्या किंवा कोकणातल्याच नातेवाइकाला फोन करून विचारा, नकाशावर विसंबू नका. करूळ बंद असेल तर राधानगरी, दाजीपूरवरून फोंडा घाट उतरून थेट कणकवलीला लागता येतं. तो रस्ता जंगलातला आणि सुरेख आहे. भुईबावडा अरुंद आहे, नवख्या चालकाने टाळावा.

घाट उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं हा जिवाशी खेळ आहे. ब्रेकचा जळका वास आला तर बाजूला थांबा, अर्धा तास गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. अरुंद वळणावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. गगनबावड्याला सकाळी धुकं असतं, म्हणून कोल्हापूर आठच्या आधी सोडण्यात अर्थ नाही. घाटात फोनची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा.

गाडी लागणाऱ्यांसाठी: निघण्याआधी तेलकट काही नको. आदल्या रात्रीचा तांबडा रस्सा कितीही आवडला तरी सकाळी दही-पोहे किंवा कोरडी भाकरी. मूल मागच्या सीटवर मधे, पट्टा लावून, समोरचा रस्ता दिसेल असं बसवा. मोबाइल आणि पुस्तक बंद. आवळा सुपारी, आलेपाक तोंडात. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि घाटाच्या अर्धा-एक तास आधी. घाट लागल्यावर घेऊन उपयोग नाही.

मालवणला दोन रात्री आत्यांकडे, दुसऱ्या दिवशी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला बघायला होडीने जावं लागतं. सुट्टीत रांग असते, नऊच्या आत जेटीवर जा. उरलेला दिवस परसात.

इथे एक वेगळी गोष्ट. एका वर्षी आम्ही क्रम उलटा करून नरकचतुर्दशीलाच सिंधुदुर्गात होतो. तिथे त्या दिवसाला चावदिस म्हणतात. पहाटे अभ्यंग, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट (एक छोटं कडू फळ) फोडायचं, त्याचा कडूपणा जिभेला लावायचा आणि मग पोहे. गूळ-खोबऱ्याचे गोडे पोहे, तिखट पोहे, दुधातले, दह्यातले, आणि ते खायला वाडीतल्या घराघरांत जायचं. एका सकाळी आम्ही नऊ घरं केली. वर मी दिवसाला तीनच घरं म्हणाले, तो नियम त्या एका सकाळी लागू नाही. तिथे घरोघर जाणं हाच सण आहे. तुम्हाला रजा जमवता आली तर एकदा तरी असं जा.

दिवस सहावा आणि सातवा: रत्नागिरी, चिपळूण

मालवणहून कणकवली, राजापूर, लांजा करत हातखंब्याच्या तिठ्यावर डावीकडे वळलं की रत्नागिरी. सिंधुदुर्गातला महामार्ग चांगला झाला आहे. रत्नागिरीच्या पुढे संगमेश्वरच्या पट्ट्यात काम रखडलेलं आहे, तिथे वेग विसरा.

रत्नागिरीला माझी कॉलेजची मैत्रीण आहे, पण तिच्या घरी आम्ही राहत नाही. लॉजवर खोली घेतो. पाच रात्री दुसऱ्यांच्या घरी झोपल्यावर एक रात्र आपल्या दाराची कडी लावून झोपायला सगळ्यांनाच हवं असतं, विशेषतः सासूबाईंना. कपडे धुऊन वाळत घालता येतात, मुलं पसरतात. दिवाळीत कोकणातल्या खोल्या महिनाभर आधी भरतात, तेव्हा वेळेवर सांगून ठेवा. मैत्रिणीला वाईट वाटू नये म्हणून तिला खरं कारणच सांगितलं: "आईंना रात्री चारदा उठावं लागतं, तुझी झोप मोडेल. जेवायला मात्र तुझ्याकडेच." तिला ते पटलं. खोटी सबब सांगितली असती तर ती पुढच्या फोनमध्ये कळलीच असती.

मैत्रिणीच्या घरचा वेळ दोन भागांत करा. एक तास सगळ्यांचा, नंतर नवऱ्याने मुलांना आणि सासूबाईंना टिळकांच्या जन्मस्थानी आणि थिबा पॅलेसला न्यायचं, आणि आम्ही दोघींनी ओट्याशी उभं राहून बोलायचं. नवऱ्याच्या मित्राच्या गावी हीच पाळी उलट.

चिपळूणला पोचायला ९० किलोमीटर, पण सकाळचा पूर्ण वेळ द्या. तिथे चुलत सासऱ्यांकडे शेवटचा मुक्काम.

निघण्याची रीत इथे सांगते, कारण सगळ्यांत जास्त उशीर निघतानाच होतो. दारात उभं राहून बोलणं, ओटी, "थांब, थोडी आमसुलं देते", फाटकापाशी पुन्हा गप्पा, याला चाळीस मिनिटं लागतात. ती कापू नका. आठला निघायचं असेल तर सव्वासातला सामान गाडीत ठेवा आणि "निघतो" म्हणा. सव्वासातला म्हटलं की आठला गाडी हलते. आणि उठण्याआधी अंथरुणं घडी करून, वापरलेल्या चादरी एका जागी, बाथरूम पुसून. सकाळी आंघोळींचा क्रम रात्रीच ठरवा, यजमानांना ऑफिस असेल तर त्यांचा नंबर आधी.

दिवस आठवा: घरी

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ आणि उंब्रजला महामार्ग. तिथून पुणे. हा सगळ्यांत लांब दिवस, म्हणून वाटेत एकही घर ठेवायचं नाही. साताऱ्यात आत्येभाऊ आहे, त्याला जाताना भेटतो, येताना नाही.

भाऊबिजेनंतरच्या रविवारी परत येऊ नका. त्या संध्याकाळी खेड शिवापूरच्या नाक्यापासून पुण्यापर्यंत गाड्यांची रांग असते. शनिवारी दुपारी किंवा सरळ सोमवारी एक रजा टाकून या. कात्रजचा नवा बोगदा संपल्यावर नवले पुलापर्यंत लांब उतार आहे. अवजड ट्रकचे ब्रेक तिथे निकामी होऊन मोठे अपघात झाले आहेत. घर जवळ आल्याच्या घाईत वेग वाढतो तो नेमका इथेच. डाव्या बाजूने, गिअरमध्ये, ट्रकच्या पुढे न राहता उतरा. वाटेत कुठेही अडचण आली तर महामार्गाची मदत १०३३, रुग्णवाहिका १०८, आणि बाकी सगळ्याला ११२. हे तीन नंबर आम्ही डॅशबोर्डवर चिकटवले आहेत, कारण फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही.

घरी पोचल्यावर सामान उघडण्याआधी फोन. जिथे जिथे थांबलो त्या प्रत्येक घरी "पोचलो" एवढं सांगायचं. गटावर एक निरोप टाकून भागत नाही, म्हातारी माणसं गट बघत नाहीत. क्रम उलटा: चिपळूण, रत्नागिरी, मालवण, कराड. मावशीला मात्र सगळ्यांच्या आधी, कारण ती साडेआठला जेवते आणि आमचा फोन आला नाही तर जेवायची थांबते.